अंगठ्याची चोरी कशी रोखावी: आधारचे बायोमेट्रिक लॉक आणि त्यानंतरची कामे

ओळखचोरी म्हटले की बहुतेकांना पासवर्ड फोडणारा हॅकर आठवतो आणि सल्लाही त्याच धाटणीचा मिळतो: पासवर्ड बदलत राहा, ओटीपी कोणाला सांगू नका. सल्ला चुकीचा नाही, पण मराठवाड्यातल्या गावांत तो अपुरा पडतो, कारण इथे असंख्य खात्यांतले पैसे अंगठ्यावर निघतात. ग्राहक सेवा केंद्रात आधार क्रमांक आणि बँकेचे नाव सांगायचे, बोट टेकवायचे आणि पैसे घेऊन निघायचे. एईपीएस नावाच्या या व्यवस्थेत ना पिन लागतो, ना ओटीपी. त्यामुळे चोरालाही तीनच गोष्टी पुरतात. आधार क्रमांक झेरॉक्सच्या दुकानात, पीकविम्याच्या अर्जांत किंवा मुकादमाकडे दिलेल्या कागदांत सापडतो; बँकेचे नाव त्याच गठ्ठ्यातल्या पासबुकाच्या पानावर असते; आणि जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील ठशांवरून सिलिकॉनचे बोट बनवून खाती रिकामी केल्याचे प्रकार देशात पोलीस तपासात उघड झालेले आहेत. म्हणून पहिले काम अंगठा बंद करण्याचे; बाकी सर्व त्यानंतर.

आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू आणि घरातल्याच माणसाच्या ताब्यात असला पाहिजे. नसेल तर आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्यावा. तिथे घाईत केंद्रचालकाचा किंवा शेजारच्या मुलाचा क्रमांक देऊ नये, कारण पुढे प्रत्येक ओटीपी त्याच फोनवर जाणार असतो.

त्यानंतर मायआधार संकेतस्थळावर किंवा आधारच्या अधिकृत ॲपमध्ये ओटीपीने प्रवेश करून बायोमेट्रिक लॉक करावे.

वाचताना हे दोन मिनिटांचे काम वाटते, परंतु लोक अडकतात ते इथेच. सुरुवातीला मलाही हाच टप्पा नीट उमजायला वेळ लागला. पहिला घोळ असा की आधारमध्ये लॉक दोन आहेत. बायोमेट्रिक लॉकने बोटांचे ठसे, बुबुळे आणि चेहरा यांद्वारे होणारी पडताळणी बंद होते. ओटीपीने होणारी कामे, उदाहरणार्थ पीएम-किसानची ओटीपीवरची ई-केवायसी, चालूच राहतात. दुसरे आधार क्रमांकाचे लॉक. ते लावल्यावर बारा अंकी क्रमांकाने कोणतीही पडताळणी होत नाही, प्रत्येक ठिकाणी सोळा अंकी व्हर्च्युअल आयडी द्यावा लागतो. तो जवळ नसलेला माणूस योजनेच्या अर्जापासून सिमकार्डापर्यंत सर्वत्र अडतो. ‘आधार लॉक करा’ एवढेच सांगणारे लोक हा फरक सांगत नाहीत, आणि मग अडलेला माणूस वैतागून दोन्ही लॉक काढून टाकतो. माझे मत स्पष्ट आहे: सामान्य कुटुंबाने फक्त बायोमेट्रिक लॉक लावावे आणि आधार क्रमांकाच्या लॉकच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी अडचण रेशन दुकानात येते. लॉक असताना थंब लागत नाही, म्हणून ते तात्पुरते उघडावे लागते, आणि ही सवलत दहा मिनिटांचीच असते. त्यानंतर लॉक आपोआप पुन्हा लागते. घरून उघडून निघालात तर रांगेतच वेळ संपतो. पुढे एकच माणूस उरला असेल आणि दुकानदाराचे यंत्र सर्व्हरला जोडलेले दिसत असेल तेव्हाच लॉक उघडावे. सर्व्हर बंद असेल तर उघडूच नये. या टप्प्यावर दुकानदार किंवा केंद्रचालक हमखास सांगतो की कायमचे अनलॉक करा, कटकट मिटेल. पर्यायही त्याच पडद्यावर शेजारी असतो. तो निवडू नये. एकदा निवडला की लॉक पुन्हा लावायचे राहूनच जाते, आणि चोराला तेवढेच हवे असते. शिधापत्रिकेवरील एका सदस्याचा थंब पुरत असल्याने, ज्याच्या हाती फोन आहे त्यानेच धान्य आणायला जावे आणि इतरांचे लॉक वर्षभर उघडूही नये. ज्येष्ठांचा डिजिटल हयातीचा दाखला हा एक अपवाद, कारण तो बायोमेट्रिक पडताळणीनेच द्यावा लागतो.

तिसरी अडचण बीड, जालना, धाराशिव या भागांतल्या ऊसतोड कुटुंबांची आहे. दिवाळीच्या सुमारास मजुरांची टोळी साखर कारखान्यावर जाते, तिच्याबरोबर फोनही जातो आणि गावात राहिलेल्या आईच्या आधारचा ओटीपी साताऱ्यात किंवा बेळगावात वाजतो. एका क्रमांकाला घरातल्या अनेकांचे आधार जोडता येतात, त्यामुळे सोय म्हणून सर्वांना मुलाचा क्रमांक दिलेला असतो. मी आग्रहाने सांगतो की गावात राहणाऱ्यांचे आधार गावात राहणाऱ्या फोनला जोडावेत, साधा बटणांचा फोन असला तरी चालेल, आणि हा बदल टोळी निघण्यापूर्वी उरकावा.

लॉक लागल्याची खात्री पडद्यावरच्या संदेशावर सोडू नये. ओळखीच्या केंद्रात जाऊन खात्यातली शिल्लक तपासण्यासाठी बोट टेकवून पाहावे. यंत्राने नकार दिला पाहिजे; बायोमेट्रिक लॉक असल्यामुळे मिळणाऱ्या नकाराचा आधारच्या त्रुटींच्या यादीतला क्रमांक ३३० आहे. शिल्लक दिसली तर लॉक लागलेलेच नाही, असे समजून पुन्हा सुरुवात करावी.

यापुढची कामे सोपी आहेत. मायआधारवरच मागील सहा महिन्यांचा पडताळणीचा इतिहास दिसतो. आपण कुठेही बोट दिलेले नसताना ‘बायोमेट्रिक’ अशी नोंद असेल तर त्याच दिवशी बँक गाठावी. कागद द्यायचाच असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार द्यावे. सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावरची सिमकार्डे पाहावीत आणि अनोळखी क्रमांक ‘माझा नाही’ असे नोंदवावेत. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही संस्थांना वर्षातून एकदा पूर्ण पत अहवाल मोफत द्यावा लागतो. आपण न घेतलेले कर्ज त्यातच दिसते. व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलन एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाईल असेल तर ती उघडूच नये, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी. त्याचा फोनही चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवली गेली तरच ती परत मिळण्याची आशा असते. पाठोपाठ बँकेत लेखी तक्रार देऊन तारखेसह शिक्क्याची पोच घ्यावी. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकरणात, बँकेकडून संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार राहत नाही, असे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले आहे. शाखेत ‘तुम्हीच अंगठा दिला असेल’ असे उत्तर मिळाले तर वाद घालत बसू नये. पडताळणीच्या इतिहासाची छापील प्रत तक्रारीला जोडावी आणि तीच प्रत घेऊन माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी (ओळखचोरी) खाली गुन्हा नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात जावे.