नव्या मोबाइलचा आवाज कमी येत असेल तर काय करावे

नव्या मोबाइलचा आवाज कमी वाटला, तर पहिला आठवडा वाया जाऊ देऊ नये. ऑनलाइन मागवलेला फोन बदलून घेण्याची मुदत अनेकदा सातच दिवसांची असते, आणि दुकानातून घेतलेल्या फोनबाबत दुकानदार सुरुवातीच्या दिवसांत जेवढे मनापासून ऐकून घेतो, तेवढे महिनाभरानंतर घेईलच असे नाही. मराठवाड्यातल्या बहुतेक गावांसाठी कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र म्हणजे लातूर, नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरसारखे जिल्ह्याचे ठिकाण. एसटीने तिथवर जायचे, नंबर लागेपर्यंत बसून राहायचे आणि ‘फोनमध्ये काही बिघाड नाही’ एवढे ऐकून परतायचे, यात कामाचा एक दिवस जातो. म्हणून दोष सेटिंगमध्ये आहे, फोनवर चढवलेल्या आवरणात आहे की खरोखर स्पीकरमध्ये आहे, हे आधी घरीच शांतपणे तपासावे. फोन नवा असेल, तर स्पीकरवर शंका घेण्याची पाळी सर्वांत शेवटी यावी, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवातीला नेमका कोणता आवाज कमी येतो, हे ठरवावे. ‘आवाज बारीक येतो’ या एका तक्रारीत कॉलवर समोरच्याचे बोलणे, स्पीकरवर लावलेले गाणे, रिंग आणि व्हॉट्सॲपवर आलेला व्हॉइस मेसेज या चार वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि प्रत्येकीचा उपाय निराळा आहे. फोन कानाला लावल्यावर येणारा आवाज पडद्याच्या वरच्या कडेला असलेल्या बारीक फटीतून, म्हणजे इअरपीसमधून येतो; गाणी, व्हिडिओ आणि रिंग यांचा आवाज मुख्यतः खालच्या कडेच्या स्पीकरमधून येतो. ज्या फोनवर स्टिरिओ स्पीकर असल्याचे लिहिलेले असते, त्यांत अनेकदा वरचा इअरपीसच दुसऱ्या स्पीकरचे काम करतो. चार्जिंगच्या जागेच्या दोन्ही बाजूंना छिद्रे दिसली, तरी त्यांतल्या एका बाजूला बहुधा स्पीकर नसून बोलण्याचा माइक असतो. त्या बाजूने काहीच ऐकू येत नाही म्हणून एक स्पीकर बंद पडला, असा समज करून घेऊ नये.

अँड्रॉइड फोनमध्ये मीडिया, कॉल, रिंग आणि अलार्म यांचे आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त होतात. २०१८ साली आलेल्या अँड्रॉइड ९ पासून बाजूचे बटण दाबले की सहसा मीडियाचाच आवाज बदलतो. त्यामुळे बटण दाबून दाबून पट्टी शेवटपर्यंत नेली, तरी रिंग आणि कॉलचा आवाज जिथल्या तिथे राहतो. कॉलचा आवाज वाढवायचा असेल, तर बोलणे चालू असतानाच बाजूचे बटण दाबावे लागते. बाकीचे आवाज सेटिंग्जमधल्या आवाजाच्या विभागात एकाखाली एक दिसतात. तिथे प्रत्येक पट्टी वेगळी सरकवून पाहावी. आईवडिलांना नवा फोन घेऊन दिला असेल, तर हे काम त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच हातून करून घ्यावे, कारण पुढे चुकून पट्टी खाली सरकली तर ती वर कुठून आणायची, हे त्यांना माहीत असले पाहिजे.

यानंतर एक साधी चाचणी करावी. आपल्या सिमकार्ड कंपनीच्या १९८ या क्रमांकावर फोन लावावा आणि तिथल्या ध्वनिमुद्रित सूचना ऐकाव्यात. मग तेच सिम घरातल्या जुन्या फोनमध्ये घालून त्याच सूचना पुन्हा ऐकाव्यात. दोन्हीकडे आवाज सारखाच असेल, तर फोन ठीक आहे. एकाच माणसाचे बोलणे कमी ऐकू येत असेल आणि बाकीच्यांचे स्पष्ट येत असेल, तर दोष त्या माणसाच्या माइकमध्ये किंवा फोन धरण्याच्या पद्धतीत असतो. नेटवर्क कमजोर असेल, तर आवाज तुटतो, शब्द गळतात. तो एकसारखा बारीक होत नाही. स्पीकरची चाचणीही अशीच एकच ध्वनिफीत दोन फोनांवर लावून करावी आणि त्यासाठी स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले गाणे घ्यावे. मंडपात मागे बसून कोणी मोबाइलवर टिपलेले कीर्तन मुळातच दबक्या आवाजात असते. यूट्यूब मोठ्या आवाजाचे व्हिडिओ खाली आणते, पण बारीक आवाजाचे व्हिडिओ आपणहून वर चढवत नाही. अशा फितीवरून फोनची परीक्षा करणे हा फोनवर अन्याय होईल.

आवाज अडवणारी आवरणे

फोन घेतल्याबरोबर दुकानातच त्यावर टफन ग्लास आणि मागचे कव्हर चढवले जाते, आणि आवाजाची तक्रार अनेकदा तिथूनच सुरू होते. आपल्याच मॉडेलची काच शिल्लक नसेल, तर जवळपासच्या मापाची काच बसवून दिली जाते. ती वरच्या फटीवर एखादा मिलिमीटर जरी चढली, तरी कॉलचा आवाज दबतो. काही फोनांवर कारखान्यातूनच पातळ पारदर्शक फिल्म लावून येते आणि बाजारातली काच तिच्यावरच चिकटवली, तर फटीच्या कडेला गोंद किंवा हवेचा फुगा राहतो. बॅटरीचा उजेड तिरपा पाडून ती फट नीट पाहावी. शंका वाटली, तर काच काढून पुन्हा तीच चाचणी करावी. नव्या काचेचे थोडे पैसे गेले तरी चालतील, पण शंका राहू देऊ नये. कव्हरचेही तसेच आहे. त्याची खालची छिद्रे स्पीकरच्या छिद्रांसमोर येतात की नाही, हे पाहावे आणि कव्हर काढून दोन मिनिटे गाणे ऐकावे. फरक कानाला लगेच कळतो.

याच काचेमुळे होणारा आणखी एक घोटाळा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पडद्याच्या वरच्या भागात फोन कानाजवळ आला आहे की नाही, हे ओळखणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर असतो. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज ऐकताना हा सेन्सर झाकला गेला, की फोन कानाला लावला आहे असे समजून ॲप आवाज खालच्या स्पीकरऐवजी इअरपीसमधून सोडते. चुकीची काच, तिची काळी कडा, धूळ किंवा तेलकट बोटांचे डाग त्या जागी आले, तर व्हॉइस मेसेज अगदी बारीक येतो आणि पडदाही काळा होतो; गाणी मात्र त्याच फोनवर खणखणीत वाजतात. असे घडत असेल, तर पडद्याची वरची कड कोरड्या मऊ कापडाने पुसावी, आणि तेवढ्याने भागले नाही, तर काच बदलावी.

मोठ्या पडद्याचे फोन कानाला लावताना फट कानाच्या भोकासमोर येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. कॉल चालू असताना फोन किंचित वर-खाली सरकवून आवाज कुठे मोठा होतो, ते पाहावे. व्हिडिओ पाहताना फोन आडवा धरला, की हाताचा पंजा नेमका खालच्या स्पीकरवर येतो. ही सवय बदलणे सोपे आहे.

सेटिंगमध्ये काय पाहावे

ब्लूटूथ बंद करून पाहावे. फोन एकदा ट्रॅक्टरवरच्या टेपला, घरातल्या साउंडबारला किंवा मुलाच्या इअरबडला जोडला गेला असेल, तर ते उपकरण जवळपास चालू होताच आवाज तिकडे वळतो आणि फोन मुका झाल्यासारखा वाटतो. रिंगच वाजत नसेल, तर ‘व्यत्यय आणू नका’ हा पर्याय चालू आहे का, ते तपासावे. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीच्या (वापर सुलभ करणाऱ्या सोयींच्या) विभागात डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल साधणारी पट्टी असते. ती मध्यावर नसेल, तर स्टिरिओ फोनचा एक स्पीकर दबून जातो. काही सॅमसंग फोनांत मीडियाच्या आवाजाला वरची मर्यादा घालण्याची सोय आहे, ती बंद आहे ना, हेही पाहावे. इक्वलायझर किंवा डॉल्बी, म्हणजे आवाजाचा पोत बदलणारा पर्याय असेल, तर तो एकदा चालू आणि एकदा बंद ठेवून ऐकावे, कारण बोलणे स्पष्ट करणारी रचना आणि संगीताला भरीव करणारी रचना एकच नसते. त्यानंतर सॉफ्टवेअरचे अपडेट आले असेल, तर ते करून फोन बंद करून पुन्हा चालू करावा.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर फोन सेफ मोडमध्ये चालू करावा. त्यात आपण टाकलेली ॲप थांबलेली असतात. तिथे आवाज ठीक आला, तर दोष एखाद्या ॲपचा आहे, आणि अलीकडे टाकलेली ॲप एकेक करून काढली की तो सापडतो. फोन पूर्णपणे रिसेट करण्याची, म्हणजे त्यातले सगळे पुसून तो कोरा करण्याची, घाई करू नये. त्याआधी फोटो आणि नंबर यांचा बॅकअप घेणे अत्यावश्यक आहे.

सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत डायल करण्याच्या जागी *#०*# आणि शाओमीच्या फोनांत *#*#६४८४#*#* टाकले, की कंपनीचीच तपासणी सुरू होते. त्यात इअरपीस आणि स्पीकर वेगवेगळे वाजवून पाहता येतात. इथे आवाज स्वच्छ आला, तर स्पीकर शाबूत आहे असे समजावे.

धूळ, कापूस आणि पाणी

आपल्याकडे उन्हाळ्यातली काळ्या मातीची धूळ, सोयाबीनच्या मळणीचा भुसा आणि वेचणीच्या दिवसांतले कापसाचे तंतू फोनच्या छिद्रांत सहज जातात. नवा फोन शर्टाच्या किंवा पँटच्या खिशात ठेवून मळणी यंत्राजवळ दिवसभर काम केले, तर काही दिवसांतच जाळीवर थर दिसू लागतो. तो काढण्यासाठी मऊ, कोरडा ब्रश वापरावा आणि फोन उलटा धरून जाळी हलक्या हाताने झटकावी. सुई किंवा टाचणी कधीही घालू नये: पाण्यापासून संरक्षण असलेल्या फोनांत जाळीच्या आत पातळ पडदा असतो, तो फाटला की ते संरक्षण गेले आणि वॉरंटीही धोक्यात आली. पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरची हवा मारणे त्याहून वाईट, कारण तिच्या जोराने धूळ बाहेर येण्याऐवजी आत जाते.

पावसात भिजल्यावर आवाज घोगरा किंवा बारीक येत असेल, तर फोन पुसून, छिद्रे खाली करून, मोकळ्या हवेत सुकू द्यावा. तो तांदळात ठेवण्याचा उपाय करू नये. तांदळाचे बारीक कण फोनला इजा करू शकतात, असा इशारा ॲपलने आपल्या ग्राहकांना दिलेला आहे.

स्पीकरची मर्यादा

काही वेळा सगळे तपासूनही फोन ठीकच निघतो, आणि अपेक्षा मात्र त्याच्या आवाक्याबाहेरची असते. घराच्या खोलीत भिंतींवरून परतणारा ध्वनी आवाजात भर घालतो. शिवारात भिंती नसतात, त्यामुळे घरी पुरेसा वाटणारा फोन आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, बारीक वाटतो. त्यातच पंप किंवा ट्रॅक्टर चालू असेल, तर बोलणे बुडून जाते. ध्वनीची शक्ती दुप्पट केली, तरी पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. फोनच्या स्पीकरमधला इवलासा कंप पावणारा पडदा एवढी हवा हलवू शकत नाही, म्हणूनच पखवाजाचा खर्ज त्यातून नीट उमटत नाही.

आवाज वाढवून देण्याचे आश्वासन देणारी ॲप टाकू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. ती ध्वनीचा संकेत ताणतात, त्याची टोके छाटली जातात आणि आवाज मोठा होण्याऐवजी फाटतो. शिवाय असल्या ॲपमध्ये जाहिराती आणि नको त्या परवानग्या पुष्कळ असतात. फोन रिकाम्या स्टीलच्या भांड्यात उभा ठेवला, तर ध्वनी एका दिशेने वळून थोडा फरक पडतो. शेतात रोज ऐकायचे असेल, तर लहान ब्लूटूथ स्पीकर घेणे हाच खरा उपाय आहे.

घरातल्या एकाच व्यक्तीला आवाज कमी वाटत असेल, तर फोनबरोबर कानाचाही विचार करावा. वय वाढते तसे उंच पट्टीचे ध्वनी आधी कमी ऐकू येऊ लागतात, आणि बोलणे ‘येते, पण कळत नाही’ असे होते. कानात मळ साठल्यानेही एका बाजूचे ऐकू कमी येते. यात संकोच करण्यासारखे काही नाही. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान तपासून घेता येतात.

दोष फोनचाच असेल तर

काच आणि कव्हर काढूनही, सेफ मोडमध्ये आणि कंपनीच्या तपासणीतही आवाज कमीच येत असेल, किंवा ठरावीक सुरांवर खरखर होत असेल, तर फोन सदोष आहे. तो गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात उघडू देऊ नये. एकदा तो बाहेर उघडला गेला, की कंपनी वॉरंटी नाकारू शकते. जुना आणि नवा फोन शेजारी ठेवून, त्यांवर एकच गाणे पाठोपाठ वाजवून तिसऱ्या फोनने व्हिडिओ काढावा. *#०६# टाकून दिसणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलावरच्या आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. बदलीची मुदत चालू असेल, तर आधी विक्रेत्याकडे लेखी मागणी करावी. मुदत संपली असेल, तर सेवा केंद्रात फोन देताना पावतीवर ‘फोन चालत नाही’ असे मोघम न लिहिता ‘इअरपीसचा आवाज कमी’ किंवा ‘खालचा स्पीकर फाटतो’ असे नेमके लिहून घ्यावे. नव्या फोनवर सर्वसाधारणपणे एक वर्षाची वॉरंटी असते, आणि आपण न केलेल्या चुकीसाठी त्या काळात दुरुस्तीचे पैसे देण्याचे कारण नाही.

दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यानेही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. फोन पुण्यातून घेतला असो वा ऑनलाइन, हिंगोलीच्या माणसाला त्यासाठी हिंगोलीबाहेर जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, वकील देण्याची सक्ती नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. सोबत बिल, सेवा केंद्राच्या सर्व पावत्या आणि विक्रेत्याशी झालेला लेखी व्यवहार जोडावा.