शाळांमध्ये सायबर सेफ्टी शिकवायची आहे? आधी विचारा, घरातला फोन कोणाचा

बीएड झालेली, एमएसडब्ल्यू करणारी, कॉम्प्युटरवाली अशी बरीच पोरं-पोरी मेसेज करतात, ताई आम्हाला पण शाळांमध्ये ऑनलाईन सेफ्टीचे सेशन घ्यायचेत, सुरुवात कुठून करू, कोर्स कोणता करू. प्रत्येकाला वेगवेगळं टाईप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. मी आधी एका संस्थेच्या हायस्कूलमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे, आता जळगाव, धुळे, नंदुरबार असं फिरून हेच काम करते, त्यामुळे जे सांगतेय ते इकडचं आहे, पुण्या-मुंबईच्या इंग्लिश मीडियमला जसंच्या तसं चालेल असं काही नाही.

कोर्सचं आधी उरकून टाकू. या कामाला अमुकच डिग्री पाहिजे असं काही नाही. केंद्राच्या आयटी मंत्रालयाचा आयएसईए नावाचा प्रोजेक्ट आहे, सी-डॅक चालवतं, त्यांचं मटेरियल फुकट मिळतं, एनसीईआरटीच्या सीआयईटीचंही आहे, आणि गृहमंत्रालयाचं सायबरदोस्त हँडल फॉलो करून ठेवा, नवीन फसवणुकीचे प्रकार तिथे लवकर कळतात. एवढं नीट वाचलं तरी टेक्निकल बाजू जमते. सर्टिफिकेट असलं तर हेडमास्तरांसमोर बरं दिसतं, बाकी वर्गात त्याचा उपयोग शून्य.

वर्गात खरी गंमत होते. तयार पीपीटी जे मिळतात ना, त्यात गृहीत धरलेलं असतं की प्रत्येक मुलाकडे स्वतःचा फोन, स्वतःचा ईमेल, स्वतःचा पासवर्ड. आठवीच्या वर्गात विचारून बघा, फोन कोणाचा? उत्तर ठरलेलं, "मोबाईल बापना शे." सिम मोठ्या भावाच्या नावावर, इन्स्टाचं अकाउंट पोराचं पण जन्मसाल खोटं टाकलेलं कारण १३ च्या खाली अकाउंट उघडत नाही, लॉकचा पॅटर्न अर्ध्या गल्लीला पाठ, आणि त्याच फोनवर कापसाच्या नाहीतर केळीच्या पट्टीचे (विक्रीचे) पैसे आल्याचा मेसेज येतो. अशा पोराला तुम्ही "तुमचा पासवर्ड कुणालाही सांगू नका" म्हणून शिकवणार, तो मान हलवणार आणि घरी जाऊन आबांना पिन टाकून देणार, कारण आबांना इंग्रजी अक्षरं दिसत नाहीत आणि दुकानदार समोर उभा असतो. बऱ्याच घरात पैशाचे व्यवहार हीच पोरं करतात. मग त्यांना लहान समजून धाक घालण्यात काय अर्थ आहे, घरचा कारभारी समजून बोला, वर्ग लगेच सावरून बसतो.

मी काय करते ते सांगते. प्रोजेक्टर असला तरी वापरत नाही (लाईटीचा भरवसा नाही हे एक कारण आहेच), फळ्यावर व्हॉट्सअ‍ॅपचा चॅट काढते. वरती नाव, "मामा". खाली मेसेज, लग्नाला सहकुटुंब यायचं. त्याखाली दोन फाईली, एक "लग्नपत्रिका डॉट पीडीएफ", दुसरी "लग्नपत्रिका डॉट एपीके" (एपीके म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल). आणि गप्प उभी राहते. कुणीतरी मागच्या बाकावरचा ओरडतोच, मॅडम खालची गेमवाली फाईल आहे. कारण त्यानं गेम कधीतरी बाहेरून डाऊनलोड केलेला असतो, एपीके त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. मग त्यालाच पुढे बोलावते, दाब म्हणते, काय होईल? तोच सांगतो, इन्स्टॉल विचारेल. मग? मग परवानग्या मागेल. कशाच्या? एसएमएसची परवानगी दिली की ओटीपी चोराकडे, हे वाक्य त्यांच्याच तोंडून येऊ द्या, तुम्ही बोललात तर वाया. मामाचा फोन आधी हॅक झालेला असतो म्हणून मेसेज मामाच्या नावानं येतो, हे मात्र तुम्हाला सांगावं लागतं. पीएम किसान आणि आरटीओ चलानच्या नावानंही हीच फाईल फिरते, लग्नसराईत पत्रिकेच्या नावानं. याच तासात दुसरी एक गोष्ट पक्की करून घ्या, पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेले. आणि १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाईन. पैसे गेल्यावर या नंबरला जितक्या लवकर फोन, तितकी ते पुढच्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त, म्हणून बँक उघडायची वाट बघायची नाही, व्यवहाराचा नंबर, रक्कम, वेळ जवळ ठेवायची. होमवर्क एकच, आज रात्री घरी आबांना नाहीतर आजीला हे शिकवायचं.

हा झाला सोपा भाग. अवघड भाग मुलींचा. म्हणजे मुलांचाही, पण मुलींचा जास्त. डीपीवरचा फोटो उचलून कुणी खोटं अकाउंट काढलं, फोटोत काहीतरी घाण करून पाठवलं (आता एआयवाली अ‍ॅप आल्यापासून त्याला काही कलाकुसरही लागत नाही), आणि म्हणालं की अजून फोटो दे नाहीतर तुझ्या भावाला पाठवतो, तर ती पोरगी काय करते? कुणालाच सांगत नाही. वर्गात विचारलं का नाही सांगत, तर मुलं म्हणतात "बाप मारस ना मॅडम", मुली काहीच बोलत नाहीत. कारण त्यांना माहीत असतं, आधी फोन बंद होतो, मग शाळा, मग स्थळं बघायला सुरुवात. समोरच्या बदमाशालाही हेच माहीत असतं, त्याचं सगळं बळ त्यातच आहे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की "अनोळखी रिक्वेस्ट स्वीकारू नका" यावर अर्धा तास घालवू नका, तो वेळ "झालंच तर कुणाला सांगशील" यावर घाला. प्रत्येकाला कागदाच्या चिठ्ठीवर एका मोठ्या माणसाचं नाव लिहायला लावा, आईबाप सोडून. आत्या, मामी, लग्न झालेली बहीण, शाळेतल्या एखाद्या मॅडम. चिठ्ठी गोळा करायची नाही, दप्तरात ठेवायला सांगायची. ज्यांना नाव सुचत नाही त्यांच्यासाठी १०९८ (मुलांची हेल्पलाईन) फळ्यावर मोठ्या अक्षरात, आणि तास संपेपर्यंत पुसायचं नाही.

पालक सभेला पण याच मुद्द्यावर बोला, पोरीनं येऊन सांगितलं तर त्या दिवशी फोन हिसकावू नका, एवढंच मागा. एखादे दादा उठून म्हणतातच, मोबाईलच नको द्यायला. वाद घालू नका, शेजारची आई बहुतेक वेळा परस्पर उत्तर देते.

आता तुमच्या स्वतःच्या अंगावर येऊ शकतं ते. सेशननंतर कुणी ना कुणी थांबतं. "कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती ज्याला कळली त्यानं ती पोलिसांना द्यावीच लागते, तुम्ही बाहेरचे ट्रेनर असलात तरी, आणि नाही दिली तर कलम २१ मध्ये शिक्षा आहे. दुसरं, मुलगी दाखवते म्हणून तसला फोटो स्वतःच्या फोनवर मागवून घेऊ नका, पुरावा म्हणून सुद्धा नाही. मुलांचं असं साहित्य जवळ बाळगणं हाच गुन्हा, सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२४ मध्ये ते अजून स्पष्ट केलंय. चॅट डिलीट करू देऊ नका, समोरच्याचं युजरनेम आणि प्रोफाईलची लिंक लिहून घ्या, पैसे किंवा अजून फोटो पाठवू नको हे सांगा, आणि शाळेतल्या एका विश्वासाच्या मॅडमना सोबत घेऊन पुढे जा. राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर महिला आणि मुलांच्या तक्रारीला नाव न देताही नोंद करता येते. टेक इट डाऊन नावाची सोय पण माहीत करून घ्या, १८ च्या आतल्या वयात काढलेला फोटो असेल तर त्याचा डिजिटल ठसा फोनवरच तयार होतो, फोटो अपलोड होत नाही, आणि इन्स्टा-फेसबुकसारख्या सामील कंपन्या त्या ठशावरून फोटो शोधून हटवतात. आणि मुलीचं नाव शिक्षकांच्या ग्रुपवर, स्टाफरूममध्ये, कुठेच नाही. हे हेडमास्तरांना आधीच सांगून ठेवा, घटना घडल्यावर सांगायला गेलात तर तोपर्यंत चहासोबत चर्चा झालेली असते.

फॉरवर्डबद्दल शिकवताना बरेच जण अमेरिकेची वगैरे उदाहरणं देतात, मला कळत नाही का. आपल्याच धुळ्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा आहे. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. आधी बरेच दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा फिरत होत्या. त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंमध्ये एक होता, मोटरसायकलवरचे दोघं पोराला उचलून नेतात असा. तो खरा होता कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेच्या जाहिरातीचा, शेवटी ते पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, तो शेवटच कुणीतरी कापला होता. मी वर्गात व्हिडिओ दाखवत नाही, मारहाणीचा तर अजिबात नाही, नुसतं सांगते आणि विचारते, शेवट कापल्यावर काय बदललं? नववी-दहावीची पोरं यावर जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एकावेळी पाचच चॅटना फॉरवर्डची मर्यादा आणायला सुरुवात केली, हेही सांगते, पोरांना वाटतं ती मर्यादा नेट वाचवायला आहे. साक्री-पिंपळनेरकडच्या शाळेत हे घेताना मात्र आवाज खाली ठेवा, बोट दाखवल्यासारखं होऊ देऊ नका, वर्गात कुणाच्या घरचं कोण होतं आपल्याला ठाऊक नसतं.

कमेंटचं शिकवायला अहिराणी (इकडची खानदेशी बोली) रीलं घ्या. पोरं स्वतः बनवतात, कानबाईच्या (इकडचा देवीचा सण) मिरवणुकीतली, अहिराणी गाण्यांवरची, खाली कमेंटमध्ये जातीवरून आणि रंगावरून काय काय लिहिलेलं असतं ते त्यांनी स्वतः वाचलेलं असतं, त्यामुळे वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. यावर लेक्चर लागत नाही, त्यांना बोलू द्या फक्त.

परवानगीचं असं, खाजगी संस्थेच्या शाळेत हेडमास्तर पुरतात, झेडपीच्या शाळेला गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र घ्या, आश्रमशाळेला आदिवासी विकासचं प्रकल्प कार्यालय, म्हणजे धुळे, नंदुरबार, तळोदा किंवा यावल, ज्याच्या हद्दीत असेल ते. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिली बोलणारे स्थानिक सर सोबत असल्याशिवाय सेशन घेऊ नका, पोरं मराठीत हो म्हणतात आणि काहीच पोचलेलं नसतं. मानधन बहुतेक शाळा देत नाहीत, एखाद्या संस्थेच्या किंवा सीएसआरच्या प्रोजेक्टमधून आलात तर प्रवास सुटतो, त्यामुळे सुरुवातीला दुसरी नोकरी सोडू नका. आणि तारखा जून-जुलैतच पकडा. दिवाळीनंतर कापूस वेचणीला निम्मा वर्ग रिकामा, नंदुरबारकडची बरीच पोरं आईबापासोबत ऊसतोडीला गुजरातेत, मग गॅदरिंग, मग दहावीची सराव परीक्षा, आणि तेव्हा कुठले सर तुम्हाला तासिका सोडणार.