एंजल ट्रीवरून पंधरा वर्षांच्या मुलाची चिठ्ठी उचलताना

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास अमेरिकेतल्या मॉलमध्ये आणि ऑफिसांच्या लॉबीत सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेची एंजल ट्री उभी राहतात. गरजू मुलांना ख्रिसमसला काय हवंय त्याच्या चिठ्ठ्या या झाडांवर लटकवलेल्या असतात; आपण एक उचलायची आणि ती भेट आणून द्यायची. १९७९ मध्ये व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग गावी चार्ल्स आणि शर्ली व्हाइट या दांपत्याने गरजू मुलांच्या इच्छा देवदूताचं चित्र असलेल्या कार्डांवर लिहून मॉलमधल्या झाडावर लावल्या, तिथून ही पद्धत सुरू झाली. झाडावरची ‘मुलगी, ४ वर्षं, बाहुली’ ही चिठ्ठी पटकन उचलली जाते. ‘मुलगा, १५, हूडी, हेडफोन’ ही मात्र बऱ्याचदा शेवटपर्यंत लटकत राहते. एवढ्या मोठ्या मुलाला काय घ्यावं हे सुचत नाही, म्हणून लोक पुढे जातात. यंदा तुम्ही किंवा तुमचं महाराष्ट्र मंडळ चिठ्ठी उचलणार असाल, तर अशीच उचला, ही माझी कळकळीची विनंती.

चिठ्ठी कुठे मिळेल?

एंजल ट्रीची नोंदणी अनेक गावांत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच असते. अमेरिकी लष्कराच्या मरीन कोअर रिझर्व्ह या राखीव दलाच्या लोकांनी १९४७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू केलेल्या ‘टॉइज फॉर टॉट्स’ या खेळणी गोळा करण्याच्या उपक्रमाच्या पेट्याही बहुतेक लहानांच्या खेळण्यांनीच भरतात. म्हणून आधी संस्थेला फोन करून ‘तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी काय कमी पडतंय?’ असं स्पष्ट विचारा. दुसरा चांगला मार्ग म्हणजे तुमचा स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा. मॅकिनी-व्हेंटो कायद्यानुसार बेघर विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक डिस्ट्रिक्टला एक संपर्क अधिकारी नेमावाच लागतो. मोटेलमध्ये राहणारी किंवा घर गमावल्यामुळे नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणारी मुलंही यात येतात. कोणाला काय हवंय याचा अंदाज या अधिकाऱ्याला असू शकतो. मुलाचं नाव मात्र विचारू नका. वय, मापं आणि आवडनिवड एवढं आपल्याला पुरतं.

जे मागितलंय तेच द्या

आपल्याकडे देताना ‘उपयोगी’ वस्तू देण्याची ओढ फार. हेडफोन मागितलेल्या मुलाला आपण मोजे आणि डिक्शनरी देऊन मोकळे होतो. पण या वयात सगळ्यात बोचतं ते वर्गात वेगळं दिसणं. ज्याच्या घरी भाडं भरायची मारामार आहे, त्याच्या आयुष्यात गरजेच्या वस्तूंचीच चर्चा चाललेली असते. त्याने एखादी हौस लिहून कळवली असेल, तर ती पुरी करणं हेच खरं देणं. चिठ्ठीवर गरज आणि इच्छा दोन्ही असतील, तर पैसे दोन्हीकडे वाटा. सगळे जॅकेटवर संपवू नका.

कपडे आणि वस्तू निवडताना

हूडी घेताना माप मुलांच्या विभागातलं आहे की मोठ्यांच्या, ते आधी बघा. मुलांचं एक्स्ट्रा लार्ज आणि मोठ्यांचं एक्स्ट्रा लार्ज यांत प्रचंड फरक असतो. लिहिलं नसेल तर विचारा, आणि शंका असेल तर एक माप मोठं घ्या. ढगळ हूडी चालते, घट्ट चालत नाही. काळा, राखाडी किंवा गडद निळा रंग घ्या. छातीवर सुविचार नको, देणाऱ्या संस्थेचं किंवा मंडळाचं नाव तर अजिबात नको. बूट अंदाजाने घेऊ नका.

हेडफोन ब्लूटूथचे घ्या, कारण आताच्या बऱ्याच फोनना गोल पिनची जागाच नसते. बास्केटबॉल मुलग्यासाठी सात नंबरचा, मुलीसाठी सहा नंबरचा घ्या आणि सोबत पंप द्या. चित्रं काढणाऱ्या मुलीला लहान मुलांचे क्रेयॉन देऊ नका. जाड कागदाची स्केचबुक आणि चांगले मार्कर द्या. केसांची उत्पादनं मागितली असतील तर केस कसे आहेत ते विचारून घ्या. कुरळ्या, दाट केसांना लागणारा शाम्पू आणि क्रीम वेगळं असतं.

फॉस्टर केअरमधल्या, म्हणजे आईवडिलांपासून दूर सरकारी देखरेखीखाली दुसऱ्यांच्या घरी सांभाळल्या जाणाऱ्या मुलांसाठी मजबूत डफल बॅग फार मोलाची ठरते. एका घरातून दुसऱ्या घरी जाताना या मुलांचं सामान कित्येकदा कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरलं जातं. बॅग द्याल तेव्हा रिकामी देऊ नका, आत त्याच्या आवडीचं काहीतरी ठेवा.

नुसता साबण आणि डिओडरंटचा संच ही मुख्य भेट होऊ शकत नाही. ‘तुझ्या अंगाला वास येतो’ असाच अर्थ त्या वयाचा मुलगा लावेल. वापरलेल्या वस्तू आणि धार्मिक पुस्तकंही नकोत.

गिफ्ट कार्ड द्यावं का?

जरूर द्यावं. काय घ्यायचं ते स्वतः ठरवता येणं, हे या मुलांच्या वाट्याला क्वचित येतं. मात्र दुकान त्याच्या घरापासून बसने किंवा चालत गाठता येणारं हवं. वॉलमार्ट किंवा टार्गेट साधारण सोयीचं पडतं. व्हिसा-मास्टरकार्डच्या कार्डांवर खरेदीच्या वेळी वेगळं शुल्क लागतं, ते पैसे दुकानाच्याच कार्डात घाला. काउंटरवर कार्ड चालू झालंय याची खात्री करा आणि पावती कार्डासोबत जोडा. गेमचं कार्ड देण्याआधी त्याच्याकडे कोणतं यंत्र आहे ते कळलं पाहिजे. शक्य असेल तर कार्डासोबत हातात धरता येईल अशी एखादी वस्तूही द्या, नाहीतर ख्रिसमसच्या सकाळी भावंडं खोकी उघडत असताना हा नुसता पाकीट घेऊन बसतो.

पोचवताना

भेट सहसा कागदात न गुंडाळता द्यायची असते. आईवडील ती नेतात, स्वतः गुंडाळतात आणि मुलाच्या हातात त्यांच्याकडूनच जाते. म्हणून पिशवीत कागदाची गुंडाळी आणि चिकटपट्टी टाका. चिठ्ठीवरचा क्रमांक पिशवीला घट्ट बांधा, कारण तो सुटला तर भेट कोणाची हे कळत नाही. किंमत दिसणारी पावती न ठेवता बदलून घेण्यासाठीची गिफ्ट रिसीट ठेवा. मुलाचा फोटो मागू नका.

एकाच घरातल्या भावंडांच्या चिठ्ठ्या मंडळात वाटून घेतल्या असतील, तर खर्चाचा आकडा आपापसांत आधी ठरवा. खरेदी ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीच्या सेलमध्ये, उरकली तर त्याच पैशांत जास्त येतं, आणि जमा करण्याची मुदत बहुधा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच संपते. ती चुकली तरी संस्थेला फोन करा. शेवटच्या आठवड्यात नोंदवलेल्या मुलांसाठी गिफ्ट कार्ड अनेकदा घेतली जातात.