खणाची कोयरी मशीनवर कापताना

गुळेदगुड्डचा खण कात्रीनं कापला की कडा सुटल्याच म्हणून समजा. म्हणून मी आधी उलट्या बाजूला फ्युजिंग जाळी, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेनं चिकटणारी, कागद लावलेली पातळ जाळी, बसवते. इस्त्री घासायची नाही, दाबायची नि उचलायची. गार झाल्यावरच कागद सोला.

मग क्रिकट या कापायच्या मशीनच्या गुलाबी चिकट मॅटवर कापड सुलटं वर ठेवून रोलर फिरवा. पालथं ठेवलंत तर डिझाइन आरशासारखं उलटवा. मी विसरले, आठही कोयऱ्या उलट्या तोंडाच्या निघाल्या! सासूबाई म्हणाल्या, "उशीला लाव की."

पहिली कोयरी चिंधीवर कापून बघा. मॅटवर राहिलेले धागे चिमट्यानं उचला, नखानं खरवडू नका. कोयरी पिशवीवर इस्त्रीनं चिकटवून कडेनं दाट झिगझॅग मारा. आमच्या खानापुरात हे सगळं लाइट जायच्या आत.