लवंग तेल, निलगिरी, टी ट्री : या चुका टाळा

दाढ ठणकायला लागली की लवंग तेलाची बाटली निघते, आणि ते बरोबरच आहे. या तेलात साधारण 70 ते 90 टक्के युजेनॉल हे रसायन असतं. ते जंतूंच्या पेशीचं आवरण फोडतं, शिवाय जागा बधिर करतं. दंतवैद्यसुद्धा झिंक ऑक्साइड या पांढऱ्या पुडीत कालवून ते वापरतात. पण जे जंतूला फोडतं ते हिरडीला कसं सोडेल? नुसत्या तेलाचा बोळा बराच वेळ दाबून धरला की हिरडी पांढरी पडते, सोलवटते. मग दुखणं वाढलं असं वाटून माणूस आणखी तेल ओततो! अशा वेळी बोळा काढा, चुळा भरा, थांबा. पुढच्या खेपेला छोटा चमचाभर खोबरेल तेलात दोनच थेंब घाला आणि कापूस दाढेलाच टेकवा. ठणका थांबला म्हणून दंतवैद्याला टाळू नका. आतल्या किडीपर्यंत हे तेल पोचत नाही.

लादी पुसताना नेमकी उलटी चूक होते. बादलीभर पाण्यात निलगिरीचे चार थेंब! तेल पाण्यात मिसळत नाही, वर तवंग येतो, आणि एवढ्याशा तेलाने जंतू मरतही नाहीत. साबण घातला तर तेल मिसळेल, पण मग सफाई साबणच करतो. तेलाचा वास हवेत सोडणाऱ्या डिफ्यूजर यंत्रानेही खोलीला वास येतो, इतकंच. 2021 मध्ये कोरोनाच्या लाटेत घरोघरी हुंगलेल्या कापूर-लवंग-ओव्याच्या पुरचुंडीने रक्तातला ऑक्सिजन वाढला नव्हता, हेही सांगून टाकतो.

मुरुमांवर टी ट्री तेलाचा (हे ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाचं तेल, चहाचं नव्हे) उपयोग होतो. 1990 साली ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचणीत गुण हळूहळू आला, पण आला. मात्र चाचणीत वापरलेल्या जेलमध्ये हे तेल फक्त 5 टक्के होतं. आपण बाटलीतलं तेल थेट गालावर लावतो. आधी सोसणारं तेल आता पुरळ उठवत असेल तर बाटली जुनी झाली असेल. हवा-उजेड लागून तेल बिघडतं आणि ऍलर्जीचा धोका वाढतो. अशी बाटली टाकून द्या. नवी गडद काचेची घ्या, झाकण घट्ट लावा.

मांजर असेल तर ही तेलं तिच्या अंगाला लावू नका, तिच्या यकृताला ती नीट पचवता येत नाहीत. आणि लहान मुलाने निलगिरी, कापूर किंवा लवंग तेल गिळलं तर घोटभरसुद्धा किरकोळ समजू नका, आकडी येऊ शकते. उलटी करवू नका. बाटली बरोबर घ्या आणि तडक रुग्णालय गाठा.