रास्पबेरी पायला सेन्सर जोडताय? या चुका टाळा

रास्पबेरी पाय म्हणजे एकाच बोर्डावरचा छोटा संगणक. त्याचा पहिला बोर्ड मी स्वतःच्या हाताने जाळला. सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात मागाचे फेरे मोजायचे होते. शाफ्टजवळचा प्रॉक्झिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आली की सिग्नल देणारा) २४ व्होल्टचा, आणि त्याची सिग्नल वायर मी घाईघाईत थेट पिनेला लावली. पायच्या जीपीआयओ पिना (सिग्नल आत-बाहेर नेणाऱ्या) ३.३ व्होल्टच्या, त्यांना ५ व्होल्टसुद्धा सोसत नाही. मध्ये ऑप्टोकपलर, म्हणजे उजेडातून सिग्नल पुढे देऊन दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारा भाग, हवाच. बोर्डापेक्षा तो फार स्वस्त पडतो.

पिनांच्या नंबरांत गफलत नेहमीची. 'सतरा नंबरला लाव' असं कुणी सांगितलं की आधी विचारा, कुठला सतरा? बोर्डावर मोजून १७ वी पिन ३.३ व्होल्ट पुरवणारी आहे. जीपीआयओ १७ मात्र ११ व्या पिनेवर आहे.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते आय-टू-सी, म्हणजे दोन वायरींवरून सेन्सरशी बोलायची पद्धत. ते मुळात बंद असतं, कॉन्फिग फाइलमधून चालू करावं लागतं. इथे जुने लेख फसवतात: २०२३ साली आलेल्या बुकवर्म या पायच्या सिस्टिमच्या आवृत्तीपासून ती फाइल बूटमधल्या फर्मवेअर फोल्डरात गेली. जुन्या जागी कितीही लिहा, बोर्ड ढुंकूनही बघत नाही. फाइल बरोबर, रीबूट केलं, तरी जोडलेले सेन्सर शोधणाऱ्या स्कॅनमध्ये रिकामे रकाने? मग प्रोग्रॅम उघडू नका, मीटर घ्या. डेटा तिसऱ्या पिनेवर, क्लॉक पाचव्या, आणि ग्राउंड दोन्हीकडचा एकच. बीएमई २८० हा दमटपणा मोजणारा सेन्सर हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत) ७६ किंवा ७७ या पत्त्यावर सापडतो. सेन्सर वाचणाऱ्या तयार कोडमध्ये, म्हणजे लायब्ररीत, दुसराच पत्ता लिहिलेला असला तर तो मुका राहतो. अन् मागाच्या मोटरीशेजारून पाच-सात मीटर वायर ओढून आय-टू-सी चालवायचा हट्ट सोडा. ही पद्धत एका बोर्डावरच्या चिपांसाठी आहे. लांबच्या पल्ल्याला आरएस-४८५ ही लांब वायरींसाठीची जोडणी वापरा.

'परमिशन डिनाइड' आलं की सुडो मारायची, म्हणजे कमांड थेट अ‍ॅडमिनच्या हक्काने चालवायची, सवय वाईट. युजरला आय-टू-सी, जीपीआयओ, डायलआउट या ग्रुपांत घाला आणि लॉगआउट करून परत या. हे दुसरं पाऊल सगळे विसरतात. पायवर लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी ही दुसरी सिस्टिम घातली असेल तर डिव्हाइसची नावंच वेगळी, लिनक्सचे लेख तिथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

सिरियल पोर्टवर कचरा अक्षरं येत असतील तर आधी लिनक्सचा कन्सोल (सिस्टिमचे संदेश आणि लॉगिन) तिथून हटवा.

मोबाइलच्या चार्जरवर बोर्ड चालवू नका, व्होल्टेज पडू शकतं. ते पडलंय का हे बघायला व्हीसीजेनसीएमडी या पायच्या कमांडला थ्रॉटलची (बोर्डाने वेग कमी केल्याची) स्थिती विचारा. हेक्समध्ये ५०००० आलं तर बोर्ड सुरू झाल्यापासून केव्हातरी व्होल्टेज पडलंय.

तापमानाचं तर विचारूच नका. मे महिन्यात सेन्सरने ४३ दाखवले तर सोलापूरकर शंका घेत नाही. पण डीएस१८बी२० या तापमानाच्या सेन्सरने बरोब्बर ८५ दाखवले तर ते ऊन नव्हे, वीज मिळाल्यावर मोजणी होण्याआधीचा त्याचा ठरलेला आकडा आहे. त्याची वीज तपासा. सेन्सर सापडतच नसेल तर डेटा आणि ३.३ व्होल्टमधला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा राहिलाय.