टम्बल केलेल्या खड्यांना तार गुंफताय? या चुका टाळा

पहिलं पेंडंट तयार होतं, हौसेने गळ्यात चढतं आणि संध्याकाळपर्यंत खडा तारेतून निसटलेला असतो. मग पुढच्या वेळी आपण त्याच्याभोवती दुप्पट तार गुंडाळतो. खडा तरीही हलतोच, वर तारेखाली झाकला गेल्यामुळे त्याचे सुंदर पट्टेही दिसत नाहीत. वायर रॅपिंग शिकणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात. किती तार लागली याला फारसं महत्त्व नाही. ती खड्याला कुठे अडवते, यावर सगळं ठरतं. ती जागा हेरायला शिकलात की निम्म्या तक्रारी मिटतात, आणि तारही कमी लागते.

तार कापण्याआधी खडा वाचा

टम्बल केलेला खडा धरायला सर्वांत अवघड. दागिन्यासाठी कापलेल्या खड्याला कड असते, कॅबोशनला, म्हणजे वरून घुमटासारख्या घासलेल्या खड्याला, सपाट पाठ असते, मण्याला भोक असतं. टम्बल केलेल्या खड्याला यातलं काहीच नसतं. फिरत्या पिंपात सिलिकॉन कार्बाइडच्या भुकटीबरोबर तो आठवडेच्या आठवडे घासला जातो, आधी जाड भुकटी, मग बारीक, शेवटी पॉलिश. कोपरे जातात, सगळीकडे तुळतुळीत होतं, आणि तारेला अडायला जागा उरत नाही.

म्हणून पहिला खडा निवडताना रंगावर जाऊ नका. दोन ते तीन सेंटिमीटर लांबीचा, थोडा चपटा, कुठेतरी खाच असलेला किंवा एका बाजूला निमुळता होत गेलेला खडा घ्या. अगदी अंड्यासारखे आणि गोटीसारखे खडे बाजूला ठेवा. वाटीत तेच सर्वांत देखणे दिसतात आणि नवशिक्याला सर्वांत जास्त तेच रडवतात.

खडा अंगठा आणि तर्जनीत धरून डोळे मिटून फिरवा. त्याचं पोट, म्हणजे सर्वांत रुंद घेर, कुठे आहे ते बोटांना लगेच कळतं. तार नेमकी त्या घेरावर बसवली तर ती पुढेही घसरते आणि मागेही. तिला पोटाच्या दोन्ही अंगांना बसवायला हवं: एक तार दर्शनी बाजूला थोडी आत, दुसरी पाठीकडे थोडी आत, आणि दोन्ही मध्ये बारीक तारेने एकमेकींना बांधलेल्या. आता खड्याला बाहेर पडायचं तर आपलं पोट त्या तारेतून काढावं लागेल, आणि ते निघत नाही. सगळी पकड या एवढ्याच गोष्टीत आहे.

दगडाची जातही बघायला हवी. अकीक, जास्पर, स्फटिक यांचा कठीणपणा मोहस मापात (खनिजांच्या कठीणपणाचं एक ते दहाचं माप) साडेसहा ते सातच्या घरात असतो, ताण दिला तरी ते दाद देत नाहीत. आपल्याला हे सहज मिळतात, कारण दख्खनच्या बसाल्टमध्ये अकीक भरपूर आहे आणि गुजरातेत खंभातला अकीक घासण्याचा धंदा फार जुना आहे. फ्लोराइट मात्र चारवर आहे आणि चार दिशांनी सरळ चिरतो, पक्कड जरा जोरात दाबली की तुकडा हातात. मॅलाकाइट साडेतीन ते चार, कॅल्साइट तीन, सेलेनाइट तर नखानेही ओरखडतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ज्यांच्यापुढून पाय निघत नाही ते स्टिलबाइट आणि अपोफिलाइटही मऊ आणि चिरणारेच. त्यांना तारेत आवळायचा मोह आवरा, ते शोकेसमध्येच शोभतात.

गेजच्या आकड्यावर विसंबू नका

गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर. व्हिडिओत सांगतात ‘20 गेज घ्या’. तुम्ही दुकानातून 20 नंबर आणता आणि ती वळता वळत नाही. दोष तुमच्या बोटांचा नसतो. बहुतेक व्हिडिओ अमेरिकन मापात बोलतात आणि आपल्याकडे तांब्याची तार बहुधा जुन्या ब्रिटिश मापात, म्हणजे एसडब्ल्यूजीत विकली जाते. 20 नंबर अमेरिकन मापात 0.81 मिमी, ब्रिटिश मापात 0.91. 22 नंबर 0.64 आणि 0.71. 26 नंबर 0.40 आणि 0.46. कागदावर हा फरक क्षुल्लक वाटतो, वळताना बोटांना चांगलाच जाणवतो. दुकानदाराला मिलिमीटरमध्येच विचारा. खड्याला धरणाऱ्या सांगाड्याला 0.8, त्या तारा एकमेकींना बांधायला 0.4 ते 0.5, एवढ्या दोन तारांवर पहिले कित्येक महिने निघतात.

सगळं काम एकाच जाडीच्या तारेने उरकणं ही यातलीच पुढची चूक. नुसती बारीक तार वापरली तर पिंजरा दोन दिवसांत लोळागोळा होतो. नुसती जाड वापरली तर वेढे घट्ट बसत नाहीत, आणि ते बसवायला लावलेला जोर खड्यावर येतो.

सरावाला तांबंच घ्या, चांदीची घाई नको. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळणारी तार स्वस्त पडते. तिच्यावर इन्सुलेशनचं वॉर्निश असतं, त्यामुळे ती लवकर काळी पडत नाही. मात्र तिला ज्योतीवर कधीच धरू नका, त्या वॉर्निशचा धूर घातक असतो.

लांबीचाही अंदाज चुकतो. खड्यावर आधी शिवणाचा दोरा तसाच गुंडाळून पाहा, दोरा उलगडून मोजा आणि प्रत्येक टोकाला दहा सेंटिमीटर वाढवा. तोकडी तार शेवटच्या, म्हणजे साखळी ओवायच्या कडीला दगा देते, आणि तिथे जोड देता येत नाही.

तार मध्येच तुटते

तांबं जितक्यांदा वाकवाल तितकं ते कडक होत जातं. एकाच जागी मागे-पुढे केलं की आधी ती जागा हट्टी होते, मग तडकते. उपाय सोपा आहे: वळण कुठे द्यायचं ते आधी ठरवा आणि एकदाच द्या. चुकलेलं वळण सरळ करून त्याच जागी पुन्हा देण्यापेक्षा दोन मिलिमीटर पुढे सरका.

साध्या, वॉर्निश नसलेल्या तांब्याची तार कडक झाली असेल तर ती तापवून नरम करता येते. चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत मंद लाल होऊ द्या आणि पाण्यात बुडवा. वर काळी खपली धरते, ती लिंबू-मिठाने निघते. हे फक्त मोकळ्या तारेला करायचं. खडा आत असताना ज्योतीजवळ नेलात तर खडा तडकलाच म्हणून समजा.

पुष्कळदा तार तुटते ती पक्कडीच्या दातांमुळे. हार्डवेअरच्या पक्कडीला दाते असतात, ते तारेवर व्रण उठवतात आणि पुढे तार त्या व्रणावरच मोडते. सोनारकामाची गुळगुळीत जबड्यांची पक्कड घ्या. ती मिळेपर्यंत घरच्या पक्कडीच्या जबड्यांना जखमेवर लावायची कापडी चिकटपट्टी गुंडाळा. आणि वाकडी झालेली तार पक्कडीने ठोकून सरळ करत बसू नका, सुती फडक्यात चिमटीने धरून दोन-तीनदा ओढली की ती सुतासारखी सरळ होते.

खडा खुळखुळतो

सर्वांत मोठी तक्रार हीच. दुरुस्तीआधी निदान करा. पेंडंट कानाजवळ नेऊन हलवा, मग अंगठ्याने खडा एकेका दिशेने ढकलून पाहा. वर सरकत असेल तर वरची मान सैल आहे: सगळ्या तारा जिथे एकत्र येतात तिथले वेढे खड्यापासून लांब सुरू झालेत. तो जागच्या जागी फिरत असेल तर बाजूच्या तारांना एकमेकींशी बांधणारा वेढा कमी पडलाय. आणि समोरून बाहेर यायला बघत असेल तर दर्शनी तारा कडेच्या फार जवळ आहेत, त्यांना आत ओढायला हवं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. सरसकट आणखी वेढे चढवले तर तिन्ही तसेच राहतात.

थोडासा सैलपणा काढायला एक फार गुणी युक्ती आहे. पेंडंट पालथं करा. पाठीवरून जाणारी जी तार ढिली वाटते, तिच्या मधोमध चपट्या तोंडाच्या पक्कडीचं फक्त टोक लावा. दाबू नका, हलकं धरा आणि मनगट किंचित फिरवा. तारेत छोटी नागमोडी पडते आणि तेवढ्यानेच ती आखूड होते. खडा पुढून हळूच आवळला जातो, तुम्हाला ते बोटाला जाणवतं. एका जागी जास्त पिळण्यापेक्षा दोन ठिकाणी थोडी थोडी नागमोडी द्या. ती नक्षीसारखी दिसते, म्हणून काही कारागीर मुद्दाम दर्शनी बाजूलाही देतात. मला ती पाठीवरच आवडते. खड्याच्या अंगावर आधीच निसर्गाने काढलेल्या रेषा असतात, समोर आणखी कशाला हव्यात?

सुपर ग्लूचा थेंब टाकून प्रश्न मिटवू नका. त्या गोंदाची वाफ गुळगुळीत खड्यावर पांढुरकी धुई धरते, घामाने आणि धक्क्याने तो सुटतोही. तारेने धरलेल्या खड्याला गोंदाची गरज पडली, म्हणजे तार चुकीच्या जागी आहे.

पेंडंट वाकडं किंवा आडवं लटकतं

वरची कडी पक्की करण्याआधी तिच्यातून दोरा ओवून पेंडंट हवेत लटकवा. खडा एका अंगाला झुकला तर जड बाजू कळते, आणि मान त्या बाजूला सरकवायला अजून वाव असतो. कडी पक्की झाल्यावर हे करता येत नाही.

पेंडंट गळ्यात घातल्यावर बाजूला तोंड करत असेल तर कडीचं तोंड चुकलंय. साखळी उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून कडीतून आरपारही त्याच दिशेने दिसलं पाहिजे. पक्कडीने मान धरून कडी काटकोनात फिरवली की काम होतं. कडी बारीक करण्याची चूकही नेहमीची. साखळीच्या टोकाचा हुक तिच्यातून गेला पाहिजे, म्हणून ती चार-पाच मिलिमीटर जाडीच्या विणकामाच्या सुईवर वळा.

टोचणारी टोकं

कटरची एक बाजू सपाट असते, दुसरी खोलगट. सपाट बाजू दागिन्याकडे ठेवून कापा, म्हणजे दागिन्यावर राहणारं टोक सपाट येतं आणि अणकुचीदार भाग तुकड्याबरोबर जातो. ते टोक पाठीकडे एखाद्या वेढ्याखाली दाबा आणि बारीक कानशीने घासा. मग जुन्या जॉर्जेटच्या ओढणीवरून पेंडंट सगळ्या बाजूंनी फिरवा. धागा ओढला गेला तर टोक अजून बाहेर आहे. बोटाला न लागणारं टोक ओढणीला हमखास लागतं.

कापताना तुकडा बोटाने झाकून धरा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. उडालेला तारेचा तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही.

काळी तार, हिरवी कातडी, खाजणारे कान

मुंबई-कोकणाच्या दमट हवेत उघडं तांबं लवकर काळवंडतं. घरोघरी त्याला चिंच किंवा लिंबू लावतात, आणि अकीक किंवा स्फटिक असेल तर ते चालतंही, नंतर साध्या पाण्याने धुवून पुसा म्हणजे झालं. पण मॅलाकाइट, कॅल्साइट, मोती, शिंपला यांना आंबट लागू देऊ नका. हे सगळे कार्बोनेट आहेत, आम्लाने त्यांची चकाकी खाल्ली जाते आणि ती परत येत नाही.

तांब्यामुळे कातडीवर उमटणारा हिरवा डाग धुतला की जातो. कानाचं प्रकरण मात्र गंभीर आहे. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते: तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे, आणि निकेलची अ‍ॅलर्जी खूप जणांना असते. कानातल्याचा लोंबता भाग कशाचाही करा, पण कानाच्या भोकातून जाणारी तार 925 चांदीची, टायटॅनियमची किंवा नायोबियमची ठेवा. इथे पैसे वाचवू नका. दुसऱ्याच्या कानाची जबाबदारी आपल्यावर असते.

खड्याबद्दलही खरं तेच सांगा. भडक गुलाबी आणि गर्द निळा अकीक बहुधा रंगवलेला असतो. फिरोजा म्हणून मिळणारा स्वस्त खडा पुष्कळदा रंगवलेला हाउलाइट असतो, आणि ओपलाइट ही तर काचच. हे वापरायला हरकत नाही, फक्त विकताना तसं सांगून विका. ओल्या पांढऱ्या कापसाने चोळल्यावर रंग उतरला तर तो खडा घामातही उतरणार.

दुरुस्ती थांबवायची कधी

मान घट्ट केली, नागमोडी दिली, बाजूला वेढाही वाढवला आणि तरी खडा हलतोय, तर तार कापा. खड्याला पक्कड लागू न देता पाठीकडून कापा आणि सांगाडा एका तुकड्यात उतरवून जपून ठेवा. त्याच खड्यावर दोरा पुन्हा फिरवताना तो शेजारी असू द्या: कोणती तार पोटावर बसली होती आणि ती कुठल्या बाजूला किती सरकायला हवी, हे त्या रिकाम्या सांगाड्यावर स्पष्ट दिसतं. बाकीचे तुकडे डब्यात साठवा, तांब्याला भंगारातही चांगला भाव येतो. आणि नवं पेंडंट कुणाला देण्याआधी दोन दिवस स्वतः वापरा, बसमध्ये, स्वयंपाक करताना, धावपळीत. रात्री काढताना पुन्हा एकदा कानाजवळ हलवून पाहा.